बाळाच्या जुलाबामागचा जंतू सापडतो कसा, आणि सापडला तरी तोच खरा असतो का?

सूक्ष्मदर्शी

मागे बालआहाराच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "जुलाब काय, दात येताना होतातच." तिथे उत्तर लिहायला बसले. ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे.

जिल्ह्याच्या गावी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये मी सोळा वर्षं काम करते. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे इन्क्युबेटर उघडून आदल्या दिवशी नमुने लावलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटा उजेडात धरून बघायच्या. लहान मुलांच्या शौचाची मॅकॉन्की (हे त्या माध्यमाचं नाव) प्लेट बहुतेक वेळा गुलाबी कॉलन्यांनी, म्हणजे जंतूंच्या ठिपक्यांनी, भरलेली असते. या ई. कोलायच्या कॉलन्या. हा जंतू तुमच्या, माझ्या, प्रत्येकाच्या आतड्यात असतो. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचं वर्णन केलं तेच मुळी तान्ह्या बाळांच्या शीमध्ये तो पाहून.

गोम इथेच आहे. याच ई. कोलायचे काही प्रकार विष तयार करतात आणि बाळाला पाण्यासारखे जुलाब लावतात. त्यातला ईटेक हा गरीब देशांतल्या मुलांचा मोठा शत्रू. पण प्लेटवर तोही गुलाबी आणि निरुपद्रवी भाऊबंदही गुलाबी. डोळ्यांनी फरक करता येत नाही, साध्या रासायनिक चाचण्यांनीही नाही. त्याच्या विषाचं जनुक शोधावं लागतं, आणि ती सोय तालुक्याच्याच काय, बऱ्याच जिल्ह्याच्या लॅबमध्येही नसते. मग रिपोर्टवर छापून जातं, "रोगकारक जंतूंची वाढ आढळली नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा सही करून दिलं आहे की आता ते वाचलं तरी जीव खालीवर होतो. जंतू नव्हता असा त्याचा अर्थ नाही, आमच्या पद्धतीला तो दिसला नाही इतकाच.

दुसरा जंतू शिगेला, आव-रक्ताचे जुलाब लावणारा. हा फार नाजूक. शी बाटलीत पडून राहिली की इतर जंतू आम्ल तयार करतात आणि त्यात तो काही तासांत मरतो. चौदा महिन्यांच्या एका मुलीचा नमुना सकाळी घेतला आणि आमच्याकडे आला दुपारी दोनला. मधले तास तो वॉर्डातल्या खिडकीच्या कट्ट्यावर होता, मे महिन्यात. प्लेटवर काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला आव आणि रक्त पडायला लागलं. या वेळी मी स्वतः वॉर्डात जाऊन गुदद्वाराचा स्वॅब घेतला आणि तिथल्या तिथे प्लेटवर फिरवला. दुसऱ्या दिवशी एक्सएलडी या दुसऱ्या माध्यमाच्या प्लेटवर लाल कॉलन्या. मध्ये काळा ठिपका असता तर साल्मोनेला असण्याची शक्यता, इथे ठिपका नव्हता. काचपट्टीवर अँटिसीरमच्या (ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या द्रवाच्या) थेंबात कॉलनी कालवली आणि पट्टी हलवली, तर दूध फाटावं तसे कण वेगळे झाले. शिगेला फ्लेक्सनेरी, शिगेलाचीच एक जात. मुलगी वाचली, पण पहिल्या रिपोर्टवर सही माझी होती.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं जुलाबाने जातात, बहुतेक आफ्रिका आणि दक्षिण आशियातली. ती नेमकी कोणत्या जंतूमुळे जातात हे विचारणारा सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे जेम्स (GEMS). २००७ ते २०११ या काळात सात ठिकाणी झाला: गॅम्बिया, माली, मोझांबिक, केनिया, कराची, कोलकाता आणि बांगलादेशातलं मिर्झापूर. मध्यम ते तीव्र जुलाबाची ९,४३९ मुलं, आणि त्यांच्याच वस्तीतली, त्यांच्याच वयाची, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं. दोन्ही गटांच्या शीची तपासणी तंतोतंत सारखी.

निकाल वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या शीत रोगकारक मानला जाणारा निदान एक जंतू सापडला. आणि धडधाकट मुलांपैकी? ७२ टक्क्यांच्या!

म्हणजे आमच्या रिपोर्टला दोन्हीकडून भोक. जंतू असून दिसत नाही, आणि दिसला तरी त्यानेच आजार झाला असं म्हणता येत नाही. यावर इथे बोलायचं आहे. पण कुणी घाईत फक्त एवढंच वाचून जाणार असेल तर: बाळाला जुलाब लागले की रिपोर्टची वाट बघायची नाही. ओआरएस लगेच, अंगावरचं दूध चालू, झिंक दहा ते चौदा दिवस. टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं किंवा शीत रक्त दिसलं तर तडक दवाखाना.

रानजाई

ताई, हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या लेकाला दीड वर्षाचा असताना आठवडाभर जुलाब होते. एका खासगी लॅबचा रिपोर्ट आला, "ई. कोलाय ग्रोन", खाली औषधांची यादी, कुठलं लागू पडतं, कुठलं नाही. त्यावरून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. ते चुकलं का?

सूक्ष्मदर्शी

रानजाई, तुमचं काहीच चुकलं नाही. शीमध्ये ई. कोलाय वाढला एवढ्यावरून काही कळत नाही. न वाढता तरच नवल. लघवीत तो वाढला तर अर्थ वेगळा, कारण तिथे तो असायला नको. शौचाच्या रिपोर्टवर नुसतं "ई. कोलाय" लिहून औषधांची यादी जोडणं योग्य नाही, असं मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. आईबाप ती यादी घेऊन दवाखान्यात जातात आणि डॉक्टरवर औषध लिहायचा दबाव येतो. मुलगा आता छान आहे ना?

रानजाई

हो, सात वर्षांचा झाला. धन्यवाद ताई. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डोंगरवाट

मी बालरोगतज्ज्ञ. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करतो. धागा चांगला आहे, पण माझ्या टेबलाच्या बाजूने सांगतो.

पावसाळ्यात ओपीडीत एका सकाळी पंधरावीस मुलं जुलाबाची असतात. आई आठ किलोमीटर चालत आलेली. तिला "उद्या या, कल्चर लावलंय" म्हणू शकत नाही, ती येणारच नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस लागतात. तोवर पोर एकतर बरं झालेलं असतं किंवा हाताबाहेर गेलेलं. म्हणून आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या सोप्या नियमावर चालतो: शीत रक्त असेल तर शिगेला धरून अँटिबायोटिक, पटकीचा संशय आणि शरीरातलं पाणी फारच कमी झालं असेल तर अँटिबायोटिक, बाकीच्यांना ओआरएस आणि झिंक. या नियमाने असंख्य पोरं वाचली आहेत. मग या जंतूशोधाचा मला उपयोग काय, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण तो नियम रक्तावर उभा आहे आणि तिथेच तो अपुरा पडतो. २०१६ साली जेम्समधल्या पाच हजारांवर जोड्यांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, या वेळी क्वांटिटेटिव्ह पीसीआरने, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून ते किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीने. एका छोट्या कार्डावर एकाच नमुन्याच्या अनेक चाचण्या एकदम होतात, प्रत्येक खळग्यात एकेका जंतूचं जनुक शोधायचं. शिगेलासाठी आयपीएएच नावाचं. जंतू मेलेला असला तरी जनुक सापडतं, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर मेलेला माझा शिगेलाही त्यात दिसला असता.

पहिल्या विश्लेषणात ५१.५ टक्के जुलाबांचं कारण लावता आलं होतं, या वेळी ८९.३ टक्क्यांचं. शिगेलाचा वाटा जवळपास दुप्पट झाला आणि तो यादीत सगळ्यात वर आला. कॅम्पिलोबॅक्टर या आणखी एका जंतूचाही वाढला. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: शिगेलाच्या या मुलांपैकी पुष्कळांच्या शीत रक्त नव्हतंच. साधे पाण्यासारखे जुलाब. नियमाप्रमाणे ती मुलं ओआरएस घेऊन घरी गेली असती.

गणितवेडा

नोकरीनिमित्त परदेशात असतो, साथरोगांच्या आकडेवारीवर काम करतो. ८३ आणि ७२ या आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण या सगळ्याची किल्ली तिथे आहे.

समजा गावात चोरी झाली. त्या रात्री चौकात दिसलेल्या सगळ्यांना पकडलं, तर चोर त्यात असेलही, पण चौकात रोज बसणारेही सापडतील. मग बघायचं काय? ज्या रात्री चोरी झाली नाही त्या रात्रीही हा माणूस चौकात असतो का? असतो, तर त्याच्या तिथे असण्याला अर्थ नाही. एरवी कधीच दिसत नाही आणि चोरीच्या रात्री मात्र दिसतो, तर संशय पक्का. निरोगी मुलं अभ्यासात घेतात ती चोरी नसलेली रात्र कशी असते हे कळावं म्हणून.

या हिशोबात मोठमोठे संशयित सुटले. ई. कोलायचा ईएईसी हा प्रकार आजारी मुलांत भरपूर सापडायचा, पण निरोगी मुलांतही जवळपास तेवढाच. जिआर्डिया (हा जीवाणू नव्हे, परजीवी) तर वर्षावरच्या निरोगी मुलांतच जास्त सापडला. ईटेकमध्येही दोन विषं असतात. उष्णतेला टिकणारं विष करणारा प्रकार आजाराशी घट्ट जोडलेला निघाला, नुसतं दुसरं विष करणारा तितका नाही. कल्चर करून "ई. कोलाय" लिहिण्यात हे सगळं हरवतं.

पीसीआरने यात भर घातली ती प्रमाणाची. चाचणीच्या प्रत्येक फेरीत जनुकाच्या प्रती दुप्पट होतात. नमुन्यात जंतू भरपूर असेल तर यंत्राला तो विसाव्या-बाविसाव्या फेरीतच दिसतो. नावापुरता असेल तर तिसाव्या फेरीनंतर. निरोगी मुलांतही शिगेलाचं जनुक मिळतं, पण बहुधा थोडं. आजारी मुलांत ढिगाने. "आहे की नाही" याऐवजी "किती आहे" विचारलं आणि चित्र स्वच्छ झालं. माझ्या मते या विषयातली गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

हुगळीकाठ

गणितवेडा, चौकाचं उदाहरण चपखल.

अवांतर आहे, पण राहवत नाही. तीस वर्षं कोलकात्यात राहतो, म्हणून शंभूनाथ डे यांचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधायचा, त्यात जंतू सोडायचे आणि तुकडा पाण्याने फुगतो का बघायचं, अशी त्यांची पद्धत. १९५६ साली त्यांनी जुलाबाच्या रुग्णांतले ई. कोलाय याच पद्धतीने तपासले. जगाला ईटेक नीट कळायच्या कितीतरी आधी. १९५९ साली दाखवलं की पटकीचा जंतू स्वतः नव्हे, त्याने सोडलेलं विष आतड्यातून पाणी ओढतं. कोलकात्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तुटपुंज्या साधनांत. हयातीत या माणसाला हवा तो मान मिळाला नाही याची खंत वाटते.

आणि १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे रोगी वाचवले. ओआरएसची ताकद जगाला तिथे दिसली. आतड्यात विषाने पाणी सुटत असतानाही साखरेबरोबर मीठ आणि पाणी आत शोषलं जातं, या तत्त्वावर ते उभं आहे.

कोरडवाहू

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. आमच्या गावाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा टँकर येतो. तेच पाणी पोरं पितात. एवढ्या महागाच्या यंत्रांवर पैसे घालण्यापेक्षा नळ द्या, संडास द्या. जंतूचं नाव कळून आमच्या पोरांचं काय भलं होणार?

डोंगरवाट

कोरडवाहू, स्वच्छ पाणी हा तुमचा हक्क आहे, त्यात दोन मतं नाहीत. पण एक गोष्ट आम्हालाही धक्का देऊन गेली. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठे प्रयोग झाले: घरोघरी पाण्याचं क्लोरिनेशन, सुधारित संडास, हात धुण्याची सोय. बांगलादेशात जुलाब बरेच कमी झाले. केनिया आणि झिंबाब्वेत कमी झालेच नाहीत. घरातला एक संडास सुधारून भागत नाही, सगळ्या वस्तीचं पाणी आणि मैला यांची नीट व्यवस्था लागते, असा त्याचा अर्थ मी लावतो. ते व्हायला वर्षं लागतात. तोवर जन्मणाऱ्या पोरांना लस तरी हवी.

सूक्ष्मदर्शी

कोरडवाहू, तुमचा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनी लशीचं काढलं त्यालाच धरून सांगते. १९७३ साली मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाच्या मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि चाकासारखा विषाणू दिसला. रोटाव्हायरस. त्याआधी या मुलांच्या केसपेपरवर "कारण अज्ञात" लिहिलं जायचं. आज अंगणवाडीत, उपकेंद्रात तुमच्या गावच्या बाळाच्या तोंडात रोटाव्हायरसचे थेंब फुकट पडतात, कारण कुणीतरी तो शोधला. शिगेला आणि ईटेकची लस अजून वापरात आलेली नाही. ती करायची तर शिगेलाच्या कुठल्या जाती मुलांना जास्त छळतात हे माहीत हवं. जेम्समधून कळलं की फ्लेक्सनेरीचे २ए, ३ए, ६ हे उपप्रकार आणि सोबत सोनेई ही जात एवढ्यांवर लस बेतली तर मोठा हिस्सा पदरात पडेल.

आणि हे फक्त जुलाबापुरतं नाही. माल-एड नावाच्या अभ्यासात आठ ठिकाणच्या मुलांची जन्मापासून नियमित तपासणी केली, त्यात आपलं वेल्लोरही होतं. जुलाब नसतानाही ज्यांच्या शीत शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर वगैरे वारंवार सापडत होते, ती मुलं उंचीला कमी राहिली. आई म्हणते "पोटाला काही नाही, पण अंगाला लागत नाही", त्यातल्या काही घरांत हेच चाललेलं असणार.

बरणी_आणि_मेणबत्ती

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. वरचं सगळं वाचलं, पीसीआर कार्ड आमच्याकडे या जन्मात यायचं नाही. लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटरही बंद. कॅम्पिलोबॅक्टर आयुष्यात एकदाच वाढवला, शिकत असताना. ४२ अंश तापमान, ऑक्सिजन कमी हवा म्हणून झाकणाच्या बरणीत प्लेटांवर मेणबत्ती लावायची, ती विझली की समजायचं. म्हणून हे नाव घेतलंय. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? कल्चर सोडून द्यायचं?

सूक्ष्मदर्शी

अजिबात सोडू नका! पीसीआर जंतूचं नाव सांगतो, पण त्यावर कुठलं औषध चालेल हे अजून तरी जिवंत कॉलनीवरूनच सगळ्यात भरवशाने कळतं. दक्षिण आशियात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा शिगेला इतका वाढलाय की जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या धोकादायक जंतूंच्या यादीत त्याला घातलं. तुम्ही वाढवलेली एकेक कॉलनी मोलाची आहे.

यंत्रांचंही बदलतंय. लॅम्प नावाची पद्धत आहे, एकाच तापमानावर चालते. शिगेला आणि ईटेकसाठी तिचे संच आफ्रिकेत वापरून पाहिलेत. रसायनं वाळवलेली, फ्रिजची गरज नाही, तासाभरात निकाल.

डोंगरवाट

त्या दिवसाची मी वाट बघतोय. कारण आंधळेपणाने सगळ्यांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलंय. एबीसीडी नावाचा प्रयोग, सात देश, त्यात भारतही, आठ हजारांवर मुलं, पाण्यासारखे जुलाब आणि प्रकृती नाजूक अशी. निम्म्यांना ॲझिथ्रोमायसिन, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच औषध. मृत्यू कमी झाले नाहीत. पण नंतर पीसीआर करून ज्यांच्यात विषाणूमुळे नव्हे तर जीवाणूमुळे जुलाब होते ती मुलं वेगळी काढली, तेव्हा त्यांना औषधाचा फायदा दिसला. म्हणजे माझ्या पंधरावीसातल्या तीनचार पोरांना औषध हवंय आणि बाकीच्यांना दिलं तर नुकसानच. ती तीनचार कुठली हे टेबलावर बसल्या जागी अर्ध्या तासात कळायला हवं. ताई, सुरुवातीला विचारलेला प्रश्न मी मागे घेतो.

बरणी_आणि_मेणबत्ती

ताई, नमुना नेईपर्यंत जंतू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअरच्या नळ्या मागवल्या तर उपयोग होईल का? स्वॅब त्यात किती वेळ राहतो?

सूक्ष्मदर्शी

होईल, फार होईल. शिगेला त्यात तग धरतो. फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवा, गोठवू नका, आणि एक-दोन दिवसांत प्लेटवर घ्या, जितकं लवकर तितकं चांगलं. स्वॅब अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्यायचा, हे वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून ठेवा. रक्त किंवा शेम असलेला भाग दिसला तर तोच उचला. नळीवर वेळ लिहायला लावा. मॅकॉन्कीबरोबर एक्सएलडी प्लेट मिळाली तर बघा.

बरणी_आणि_मेणबत्ती

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतो. नळ्या आल्या. साहेबांनी एक्सएलडीची पावडरही मंजूर केली. आतापर्यंत अकरा स्वॅब लावले. नळीवर वेळ लिहायला सिस्टर आता स्वतःहून आठवण करतात. नऊ प्लेटांवर काही नाही. एकीवर काळ्या ठिपक्याच्या कॉलन्या. काल सकाळी अकराव्या प्लेटवर लाल, ठिपका नाही, मॅकॉन्कीवर त्याच नमुन्याच्या फिक्या, रंगहीन. तीन वर्षांचा मुलगा, शीत रक्त नव्हतं. आमच्याकडचं अँटिसीरम मुदत संपलेलं निघालं, म्हणून कॉलनी तिरक्या आगरवर घेऊन मेडिकल कॉलेजला पाठवली आहे. निकाल आला की इथेच लिहितो.